उसनी पाती: पातळ प्लॅस्टिक कापणाऱ्या हत्यारांचा पूर्वेतिहास

मेजावर ठेवायच्या संगणकाची पेटी, जिला बाजारात सरसकट कॅबिनेट म्हटले जाते, ती पोलादी पत्र्याची असली तरी तिचा दर्शनी भाग बहुधा दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकचा असतो. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका व युरोपातील हौशी मंडळींनी या पेटीला स्वतःच्या हाताने भोके, खिडक्या आणि जाळ्या पाडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना पत्र्याने जितके छळले नाही तितके या पातळ प्लॅस्टिकने छळले. पत्र्यासाठी कातऱ्या, छिन्न्या आणि करवती पूर्वीपासून ठरलेल्या होत्या. प्लॅस्टिकसाठी मात्र हत्यारपेटीत जे जे सापडत होते ते कुठल्या ना कुठल्या दुसऱ्या धंद्यातून आलेले होते: फर्निचरच्या जडावकामातून, फण्या करणाऱ्यांच्या कारखान्यातून, दंतवैद्याच्या खोलीतून, शिवणयंत्रातून आणि चांभाराच्या पाटावरून. कोणते हत्यार प्लॅस्टिकवर कसे फसते, हे ते मुळात कशासाठी घडले यावरून बरेचसे उलगडते, आणि म्हणून हत्यार निवडण्याचा हा वरकरणी किरकोळ प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहण्यासारखा आहे.

प्लॅस्टिकची मूळ अडचण कठीणपणाची नाही. लाकूडही कापते आणि पितळही कापते. प्लॅस्टिक त्या दोहोंपेक्षा सोपे वाटते आणि तिथेच कारागीर फसतो. संगणकाच्या दर्शनी भागासाठी वापरले जाणारे ए.बी.एस. हे प्लॅस्टिक, तसेच खिडकीसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक, ही दोन्ही उष्णमृदू प्रकारची, म्हणजे तापवल्यावर मऊ पडणारी आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होणारी प्लॅस्टिके आहेत, आणि दोन्ही सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागतात. पाणी उकळते त्याहून जेमतेम पाच अंश वर. त्यातच ही प्लॅस्टिके उष्णता वाहून नेण्यात अत्यंत आळशी असतात. साध्या पोलादातून जितक्या सहज उष्णता पसरते त्याच्या दोनशे ते अडीचशे पट कमी गतीने ती यांच्यातून पसरते, त्यामुळे पात्याच्या घर्षणाने निर्माण झालेली ऊब जिथल्या तिथे साचते, कडा विरघळते, कीस पात्याच्या दातांत चिकटतो आणि करवत पुढे गेल्यावर मागचा काप पुन्हा सांधला जातो. लाकूडही उष्णतेचे तितकेच वाईट वाहक आहे, पण ते वितळत नाही. फार तर करपते आणि त्याचा भुसा खाली पडून जातो. दुसरी अडचण उलट स्वभावाची आहे: पातळ तुकड्याला धक्का बसला, दात अडकला किंवा तो थरथरला, की त्याला तडा जातो, आणि हा तडा नेमका रेखलेल्या रेघेच्या बाहेर धावतो. वेग वाढवावा तर वितळण्याची भीती, जोर वाढवावा तर फुटण्याची भीती, या चिमट्यात पातळ प्लॅस्टिक कापणारा प्रत्येक जण सापडलेला असतो.

हा चिमटा प्लॅस्टिकच्या शोधापेक्षा जुना आहे, कारण निसर्गात उष्णमृदू पदार्थ आधीपासून होते. कासवाच्या पाठीचे कवच आणि गुराचे शिंग हे दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. गरम पाण्यात ते मऊ पडतात, दाबून सपाट करता येतात आणि कवचाचे दोन तुकडे तर उष्णता व दाब देऊन एकमेकांना जोडताही येतात. चौदाव्या लुईच्या दरबारात १६७२ मध्ये राजाश्रय मिळालेला आंद्रे-शार्ल बूल हा फर्निचरकार कासवाच्या कवचाचे पातळ पत्रे आणि पितळेचे पत्रे एकावर एक रचून, त्यांची चवड एकाच वेळी कापत असे; मग पितळेतला नक्षीचा तुकडा कवचातल्या पोकळीत आणि कवचातला तुकडा पितळेतल्या पोकळीत बसवून एकाच कापातून दोन उलटसुलट नक्ष्या तयार होत. हे कापण्याचे साधन म्हणजे चौकटीत ताणून बसवलेले, दोऱ्यासारखे बारीक पाते, ज्याला पुढे फ्रेट सॉ म्हणू लागले आणि ज्याची जवळची बहीण सोनाराच्या हातातली करवत होय. पत्र्यांच्या चवडीमागे नक्षीची जुळणी हा हेतू होताच, पण तिचा आणखी एक फायदा होता: मधला ठिसूळ थर दोन्ही बाजूंनी दाबलेला राहिल्याने त्याची कड उडत नसे. तीनशे वर्षांनंतर संगणकाच्या पेटीवर काम करणारा हौशी माणूस ॲक्रिलिकचा तुकडा प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये दाबून कापत होता, तेव्हा त्याला बूलचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. युक्ती मात्र तीच होती.

शिंगाच्या फण्या करणाऱ्यांनी या पदार्थाची दुसरी बाजू जाणली. इंग्लंडमधल्या फणीकारांकडे दोन पाती शेजारी शेजारी बसवलेली एक हातकरवत असे. त्यातले एक पाते दाता पाडत असताना दुसरे, थोडे उथळ पाते पुढच्या दात्याची जागा आखून ठेवत असे, आणि त्यामुळे डोळ्याने मोजमाप न करताही सगळ्या दात्यांमध्ये सारखे अंतर राही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधले लेमिन्स्टर हे गाव अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिंगाच्या फण्यांसाठी प्रसिद्ध होते. १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स याने नायट्रोसेल्युलोजपासून केलेला आपला पदार्थ मांडला आणि पुढे १८७० मध्ये जॉन वेस्ली हायट याने कापूर मिसळून केलेल्या सेल्युलॉइडचे पेटंट घेतले, तेव्हा या नव्या पदार्थाला आयते गिऱ्हाईक मिळाले ते फणीच्या धंद्यात. कारागीर तेच, करवती त्याच, फक्त शिंगाच्या जागी सेल्युलॉइडचा पत्रा आला. पण शिंग तापले की फक्त वास सोडते, आणि सेल्युलॉइड तापले की पेट घेते. म्हणून सेल्युलॉइड कापताना करवतीवर पाण्याची धार सोडण्याची पद्धत पडली. कापताना पदार्थ थंड ठेवायचा, हा कृत्रिम प्लॅस्टिक कापण्याच्या शास्त्रातला पहिला नियम असा गुणवत्तेच्या आग्रहातून नव्हे, आगीच्या धाकातून जन्माला आला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत फ्रेट सॉ कारखान्यातून घरात शिरली. जर्मनीत, अमेरिकेत आणि विशेषतः इंग्लंडमध्ये पातळ लाकडी फळ्यांवर जाळीकाम करणे हा मध्यमवर्गीय छंद झाला. नॉरफोकमधल्या डेरेहॅम या लहान गावातून १८९५ पासून निघू लागलेले ‘हॉबीज’ हे साप्ताहिक नक्षीचे कागद पुरवत असे आणि त्याच नावाची कंपनी पायाने चालवायची करवत-यंत्रे, पाती आणि फळ्या विकत असे. या छंदाला १९२० च्या दशकात नवे काम मिळाले. बिनतारी संदेशाचे, म्हणजे रेडिओचे, संच लोक घरी जुळवू लागले, आणि संचाचे दर्शनी फलक एबोनाइटचे, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराचे, किंवा बेकेलाइटचे असत. फ्रेट सॉने लाकडी कपाटाला ध्वनिक्षेपकासाठी उगवत्या सूर्याची जाळी पाडायची आणि हॅक्सॉने एबोनाइट कापायचे, अशी विभागणी रूढ झाली. एबोनाइटच्या चकचकीत पृष्ठभागावरून विद्युत्प्रवाह गळतो म्हणून तो पॉलिश कागदाने घासून मंद करावा, असा सल्ला तेव्हाच्या छंदिष्टांना दिला जाई. यंत्राच्या आतल्या भागांपेक्षा त्याच्या पेटीवर जीव टाकणारा, स्वतःच्या मेजावर फलक कापून बसणारा हा गृहस्थ संगणकाच्या पेट्या सजवणाऱ्यांचा खरा पूर्वज होय. पण त्याचे पदार्थ वेगळे होते. बेकेलाइट हे उष्णदृढ प्लॅस्टिक, म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर उष्णतेने पुन्हा मऊ न होणारे, त्यामुळे ते कपच्या काढते, पाते बोथट करते, पण चिकटत नाही. रेडिओवाल्याला तड्याची काळजी होती, वितळण्याची नव्हती.

वितळण्याची काळजी खऱ्या अर्थाने आली ती ॲक्रिलिकबरोबर. १९३३ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट येथे ओटो रोम याने प्लेक्सिग्लास या नावाने आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आय.सी.आय. या कंपनीने पर्स्पेक्स या नावाने हा काचेसारखा पारदर्शक पदार्थ बाजारात आणला, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या छत्र्या त्याच्या झाल्या. युद्धानंतर तो दुकानांच्या पाट्यांवर, दिव्यांच्या छटांवर आणि अखेरीस हौशी माणसाच्या हातात आला. ॲक्रिलिकचे दोन प्रकार आहेत आणि हत्याराच्या दृष्टीने त्यांतला फरक नावापुरता नाही: काचेच्या दोन तावदानांमध्ये द्रव ओतून घट्ट केलेला ओतीव पत्रा करवतीखाली कोरडा, भुरभुरीत कीस देतो, तर यंत्रातून दाबून काढलेला पत्रा, जो स्वस्त असतो आणि म्हणून किरकोळ बाजारात सर्रास मिळतो, तो चिकट दोरे सोडतो.

ॲक्रिलिकसाठी मात्र एक अपवादात्मक गोष्ट घडली: त्याला जवळजवळ स्वतःचे म्हणता येईल असे एक हत्यार मिळाले. त्याची कहाणी जपानमधून सुरू होते. ओसाकामधल्या एका छापखान्यात काम करणारा योशिओ ओकादा कागद कापताना पाती सतत बोथट होतात या त्रासाला कंटाळला होता. फुटक्या काचेचे तुकडे वापरणारे आणि धार गेली की काच पुन्हा फोडून नवी कड मिळवणारे चांभार त्याने पाहिले होते, आणि अमेरिकन सैनिकांनी जपानमध्ये आणलेल्या चॉकलेटच्या वड्यांवर तुकडे मोडण्यासाठी खाचा असत हेही. या दोहोंतून १९५६ मध्ये त्याने टोक मोडत जाणारे पाते तयार केले. पुढे कंपनीला ओल्फा हे नाव पडले, ते ‘मोडायचे पाते’ या अर्थाच्या जपानी शब्दांवरून. हे पाते कागदासाठी होते आणि प्लॅस्टिकवर ते वाईटच चालते, कारण साधा चाकू पदार्थ बाहेर काढत नाही, फक्त दोन्ही बाजूंना रेटतो, आणि कापाच्या काठांवर उंचवटे उभे राहतात. पण त्याच कारखानदारीतून आकड्यासारखे वळलेले पाते आले, जे ढकलायचे नसून स्वतःकडे ओढायचे असते आणि जे प्रत्येक ओढीत रेघेतून प्लॅस्टिकची बारीक कुरळी साल सोलून काढते. पोलादी पट्टीच्या आधाराने तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकवर अशा सात-आठ ओढी दिल्या की जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर तयार होते. मग ती चर मेजाच्या काठावर आणून पत्रा खाली दाबला की तो कोरड्या आवाजासह सरळ मोडतो. यात वेग नाही म्हणून उष्णता नाही, आणि पदार्थाचा ठिसूळपणा, जो इतरत्र शत्रू होता, तो इथे चाकर होतो. या हत्याराची मर्यादाही त्यातच आहे: सरळ रेघ, पत्र्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मधोमध खिडकी पाडायला ते निरुपयोगी आहे, आणि पॉलिकार्बोनेटसारखे चिवट प्लॅस्टिक तर मोडण्याऐवजी नुसते वाकते.

फिरत्या हत्यारांची वंशावळ थेट तोंडात जाऊन पोचते. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन या अमेरिकन दंतवैद्याने पायाने चालवायच्या छिद्रयंत्राचे पेटंट घेतले, थोड्याच वर्षांत त्याला वीज जोडली गेली, आणि १९३२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रासीन येथे आल्बर्ट ड्रेमेल याने काढलेल्या कंपनीने तीच कल्पना हातात मावणाऱ्या मोटरच्या रूपात छंदिष्टांसमोर ठेवली. हे हत्यार इतके लोकप्रिय झाले की ड्रेमेल हे कंपनीचे नाव सामान्य नाम बनले. पण दाताचे इनॅमल झिजवणे आणि प्लॅस्टिक कापणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बत्तीस मिलिमीटर व्यासाची कापणी-चकती मिनिटाला ३०,००० फेऱ्यांनी फिरवली तर तिची कड ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने धावते. पोलादी पत्र्यावर यातून ठिणग्यांचा झोत उडतो आणि काम होते, तर प्लॅस्टिकवर चकती कापत नाही, वितळवत जाते, आणि चरीच्या दोन्ही काठांवर मेणासारखी साय जमते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर उतरवले तरी तोच वेग ताशी ३० किलोमीटर राहतो. नवशिक्यांनी सर्वांत आधी हेच हत्यार उचलावे आणि ते प्लॅस्टिकवर सर्वांत कमी लायक ठरावे, यात थोडा विनोद आहेच. पण कापून झाल्यावर कोपरे घासायला, कडेचे उंचवटे काढायला त्याच यंत्राला लावलेला सँडपेपरचा ड्रम इतका सोयीचा असतो की त्याला नाकारणेही अन्यायाचे ठरेल.

हातात धरायच्या विजेच्या जिगसॉचा जन्म त्याहून गमतीचा: स्वित्झर्लंडमधल्या सोलोथुर्न येथील शिंटिला कंपनीचा अभियंता आल्बर्ट काउफमान याने १९४६ मध्ये शिवणयंत्राची सुई काढून तिच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले, आणि पुढच्याच वर्षी यंत्र बाजारात आले. पाते वरखाली हापसते, त्यामुळे न बांधलेला पातळ पत्रा त्याच्याबरोबर फडफडतो आणि फुटतो. प्लॅस्टिकसाठी त्याला बारीक दातांचे पाते आणि सर्वांत मंद वेग लागतो.

ही सगळी उसनी पाती एका मेजावर एकत्र आली ती १९९८ नंतर. त्या वर्षी इंटेलने आणलेला ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर, मदरबोर्डचा ६६ मेगाहर्ट्‌झचा ताल १०० वर नेला की ४५० मेगाहर्ट्‌झवर धावतो, हे लोकांच्या ध्यानात आले. पण वेगाबरोबर उष्णता वाढली आणि पेटीच्या छपराला भोक पाडून ८० मिलिमीटरचा पंखा बसवणे ही गरज झाली. त्याच वर्षी ॲपलने निळसर, अर्धपारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या अंगाचा आयमॅक काढला आणि संगणक म्हणजे फिकट पिवळट खोके हे समीकरण मोडले. आपापले संगणक उचलून एका सभागृहात आणायचे आणि तारांनी जोडून रात्रभर खेळायचे, अशा जत्रा तेव्हा भरत असत. खोके चारचौघांत न्यायचे म्हटल्यावर ते सजवण्याची ईर्ष्याही आली. बाजूच्या पत्र्यात खिडकी आणि तिला ॲक्रिलिकचे तावदान, दर्शनी प्लॅस्टिकमध्ये पंख्यासाठी जाळी किंवा छोट्या पडद्यासाठी चौकोन, ही या छंदाची नेहमीची कामे झाली आणि त्याला केस मॉडिंग हे नाव पडले.

यांतले सर्वांत अवघड काम दर्शनी भागाचे असे. ए.बी.एस. या नावातला मधला ‘बी’ म्हणजे ब्युटाडाइन, ज्यापासून एक प्रकारचे रबर बनते, आणि त्याच्यामुळे हे प्लॅस्टिक ॲक्रिलिकसारखे टचकन मोडत नाही. आकड्याच्या पात्याने चर पाडून वाकवले तर मोडाच्या रेघेवर ते पांढरे पडते आणि हा पांढरा डाग रंग दिल्याशिवाय लपत नाही. शिवाय साच्यात ओतलेल्या या भागाच्या मागच्या बाजूला मजबुतीच्या पट्ट्या आणि स्क्रूचे खुंट असतात, म्हणून पुढून सरळ दिसणारी रेघ मागे तीन ठिकाणी अडते. अनुभवी माणूस आधी रेघेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर आखणी करतो, कोपऱ्यांत ड्रिलने गोल भोके पाडतो, कारण तडा टोकदार कोपऱ्यातून सुरू होतो आणि गोल भोकात थबकतो, आणि मग एका भोकातून फ्रेट सॉचे पाते ओवून, त्याची दोन्ही टोके चौकटीत कसून, हाताने कापायला बसतो. कार्यशाळांतला जुना दंडक असा की कापाच्या जाडीत एका वेळी किमान दोन-तीन दात असावेत. नाहीतर एकटा दात पत्र्याच्या काठाला अडकून त्याला ओरबाडतो. दोन मिलिमीटरच्या प्लॅस्टिकसाठी याचा हिशेब इंचाला २४ ते ३२ दातांवर येतो. रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे कापायचे आणि उरलेले कानशीने रेघेपर्यंत न्यायचे, कारण कानशीने काढलेले परत लावता येत नाही तसे करवतीनेही. घाई करणारे सोल्डरिंग आयर्नच्या तापल्या टोकाने भोक पाडून घेत. काम होई, पण कडेला उठलेली ओठासारखी वळ आणि खोलीभर पसरलेला झणझणीत धूर त्यांना किंमत म्हणून मोजावा लागे.

उष्णतेशी चाललेल्या या दीर्घ झगड्यात उष्णतेलाच हत्यार करण्याचे श्रेय ज्याच्याकडे जाते तो मूळचा बारामतीचा. १९३८ मध्ये तिथे जन्मलेले कुमार पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवीधर झाले, स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. या लेसरचा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य अवरक्त किरण ॲक्रिलिक फार चटकन शोषून घेते. किरणाखालची रेघ वितळण्यापाशी न थांबता वायुरूप होऊन निघून जाते आणि मागे राहणारी कड ज्वालेने पॉलिश केल्यासारखी काचेरी असते. पाते नाही म्हणून थरथर नाही, आणि थरथर नाही म्हणून तडाही नाही. पाट्या करणाऱ्या छोट्या दुकानांतही पुढे ही यंत्रे आली आणि खिडकीचे तावदान हाताने कापण्याचे कारण उरले नाही. दर्शनी भागाचा प्रश्न मात्र लेसरने सोडवला नाही. ए.बी.एस. त्याच्याखाली काजळी धरते आणि कडेला चिकट होते, पॉलिकार्बोनेट तपकिरी पडते, आणि पी.व्ही.सी. तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडून यंत्र आणि माणूस दोघांनाही इजा करते. त्यामुळे तिथे बूलच्या काळची बारीक करवत टिकून राहिली.

खिडक्यांचा छंद कारखानदारांनी लवकरच उचलला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ॲक्रिलिकची खिडकी घेऊनच पेट्या दुकानात येऊ लागल्या. २०१६ च्या आसपास ॲक्रिलिकची जागा टेम्पर केलेल्या काचेने घेतली, कारण तिच्यावर बोटांच्या घासण्याने ओरखडे पडत नाहीत. या काचेत तापवून एकदम थंड करताना आतबाहेर ताण भरलेला असतो. कारखान्यात आधी हव्या त्या मापाला कापून मगच तिला तो ताण दिला जातो, आणि नंतर तिच्यावर करवत, आकड्याचे पाते, चकती यांपैकी काहीही टेकवले तर ती क्षणात ज्वारीच्या दाण्यांएवढ्या चुऱ्यात जमिनीवर येते.